आरोग्य केंद्रातून आराखड्याकडे: ग्रामीण विदर्भातून वैद्यकीय उपकरणांचा अभियंता कसे व्हावे

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक विद्युत उपकरणांच्या माहितीपुस्तिकेत मात्र ते कमाल ४० अंशांपर्यंत चालेल, असे छापलेले असते. आणि ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते ठेवलेले असते, तिथल्या प्रसूतिगृहात कूलर असला तर असतो, आणि वीज असली तर तो चालतो. पुस्तिकेतल्या आणि खोलीतल्या या दोन आकड्यांचा मेळ घालणे, हा वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या अभियंत्याच्या कामाचा मोठा भाग आहे. विदर्भातल्या खेड्यातून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती खोली आधीपासून ठाऊक असते, आणि हेच त्याचे भांडवल आहे. ते कसे वापरावे, शिक्षणाची वाट कोणती धरावी आणि नोकरी मागायला जाण्यापूर्वी काय करून ठेवावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

हे काम नेमके कोणते

रुग्णालयात बिघडलेली यंत्रे दुरुस्त करणारा, त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक येते की नाही, हे पाहणारा जो बायोमेडिकल इंजिनिअर आपल्या ओळखीचा असतो, त्याचे काम वेगळे. कंपनीच्या वतीने डॉक्टरांना यंत्र चालवून दाखवणाऱ्याचे काम वेगळे. आणि यंत्र कसे असावे हे ठरवून ते सुरक्षित असल्याचे कागदोपत्री सिद्ध करणाऱ्याचे काम वेगळे. हा लेख तिसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे आराखड्याच्या कामाविषयी आहे. पहिल्या प्रकारात काही काळ घालवून तिसऱ्यात आलेले लोक पुष्कळ असतात आणि माझ्या मते ते अधिक चांगले अभियंते होतात, कारण कोणता स्क्रू पुन्हा पुन्हा ढिला होतो आणि कोणती वायर कुठे तुटते, हे त्यांना पाठ झालेले असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ पासून सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा जो कार्यक्रम राबवला जातो, त्यामुळे अशी कामे तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचली आहेत. पदवी किंवा पदविका हाती आल्यावर वर्षभर असे काम मिळाले तर ते कमीपणाचे मानू नये.

आराखड्याच्या कामात एकटा माणूस क्वचितच असतो. सर्किट करणारा, यंत्राचे कवच आणि यांत्रिक भाग करणारा, मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचे, सॉफ्टवेअर लिहिणारा, चाचण्या घेणारा, गुणवत्ता आणि परवान्यांची कागदपत्रे सांभाळणारा आणि डॉक्टर किंवा परिचारिकांकडून गरज समजून घेणारा, अशी माणसे एका उपकरणामागे असतात. त्यामुळे या क्षेत्रात येण्याचे दार एकच नाही.

शाखा आणि पदवी

बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन, किंवा दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन, अशा दोन्ही वाटांनी अभियांत्रिकीला जाता येते. घरची शेती पावसावर अवलंबून असेल तर दुसरी वाट अनेकांना परवडते, आणि हाताने काम करण्याची सवय तिच्यात लवकर लागते, हा वेगळा लाभ. शाखेबाबत माझे मत स्पष्ट आहे: पदवीला बायोमेडिकलच हवे, असा हट्ट धरू नये. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकल यांपैकी एकात पाया पक्का करावा आणि वैद्यकीय बाजू पदव्युत्तर शिक्षणात घ्यावी. नुसती बायोमेडिकलची पदवी घेणाऱ्याला सगळ्याची तोंडओळख होते. परंतु मुलाखतीत अॅम्प्लिफायरचे सर्किट काढायला सांगितले की हात अडखळतो, असा अनुभव येतो. अर्थात याला चांगले अपवाद आहेत.

पदव्युत्तर शिक्षणासाठी गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत या विषयाचा एम.टेक. अभ्यासक्रम आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चालवतात. त्यात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णालयात राहून शिकावे लागते.

श्री चित्रा संस्थेचे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. हृदयाची कृत्रिम झडप देशातच तयार करण्याचे काम तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस, शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. आधीचे नमुने एकामागून एक बाद करावे लागले आणि अखेर स्वीकारलेली झडप रुग्णाच्या हृदयात पहिल्यांदा बसली ती डिसेंबर १९९० मध्ये. मोबाइलचे अॅप सहा महिन्यांत बाजारात आणणाऱ्या मित्राशी आपल्या कामाची तुलना करण्याचा मोह होईल तेव्हा ही वर्षे मोजून पाहावीत.

जीवशास्त्र सुटलेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथांऐवजी परिचारिकांच्या अभ्यासक्रमातले शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे पुस्तक घ्यावे; ते नेमके आणि व्यवहाराला धरून असते, आणि ज्यांच्यासाठी आपण यंत्र करणार त्यांनीच ते वाचलेले असते.

आरोग्य केंद्रात बसून काय पाहावे

वैद्यकीय उपकरणांच्या अभियंत्याचे शिक्षण कार्यशाळेत सुरू होत नाही, ते वापराच्या जागी सुरू होते, आणि ही जागा शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा तुमच्या घराजवळ आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात काही दिवस बसण्याची रीतसर परवानगी काढावी. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर सुट्टी संपेपर्यंत तिथेच पडून राहतो. महाविद्यालयातील विभागप्रमुखांचे पत्र, काय पाहणार आणि काय पाहणार नाही याचे एक पान, आणि रुग्णांची नावे किंवा छायाचित्रे घेणार नाही अशी लेखी हमी, एवढे सोबत जोडावे. वर्धा परिसरात राहणाऱ्यांना सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान जवळ आहे. ग्रामीण भागासाठी काढलेले ते देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय असून १९६९ पासून चालू आहे. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी काही सुचवू नये. सिस्टरना विचारावे की यंत्राच्या कोणत्या गोष्टीचा त्रास होतो, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. रात्रपाळी शक्य असेल तर नक्की पाहावी, कारण रात्री एकच परिचारिका असते, एकीकडे प्रसूती सुरू असते आणि दुसरीकडे कोणते तरी यंत्र वाजत असते. आवाज कशाचा आहे हे दुरून ओळखू येते का, गजर बंद करायला हातमोजा काढावा लागतो का, पडद्यावरचा आकडा खाटेच्या दुसऱ्या बाजूने वाचता येतो का, हे त्या वेळी कळते. मग स्टोअरची खोली दाखवण्याची विनंती करावी. तिथे धूळ खात पडलेल्या प्रत्येक यंत्रामागे एक कारण असते: सेन्सर संपला आणि नवा मिळाला नाही, अॅडॉप्टर जळाला, विशिष्ट कागदाचा रोल तालुक्याला मिळत नाही, देखभालीचा करार संपला, किंवा यंत्र आले तेव्हा ज्यांना शिकवले त्यांची बदली झाली. यातली बहुतेक कारणे आराखड्याच्या टेबलावरच टाळता आली असती, हे लक्षात येऊ लागले की अभियंत्याची नजर तयार होऊ लागली असे समजावे.

यानंतरचे कौशल्य माझ्या मते या सगळ्या व्यवसायात सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि महाविद्यालयात ते जवळजवळ शिकवले जात नाही: तक्रारीचे रूपांतर मोजता येईल अशा अपेक्षेत करणे. सिस्टर म्हणतात, 'लाइट गेली की हे बंद पडते.' विद्यार्थी वहीत लिहितो, 'बॅटरी चांगली हवी.' या वाक्याने काहीच ठरत नाही, कारण ते खरे उतरले की नाही हे तपासण्याचा मार्ग नाही. त्याऐवजी वीज किती वेळा जाते, एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ जाते, परत आल्यावर लगेच पुन्हा जाते का, त्या वेळी खोलीत किती उष्णता असते आणि ज्या रुग्णासाठी यंत्र लागते त्याला ते सलग किती वेळ लागते, हे आठवडाभर नोंदवावे. मग वाक्य असे होते: 'खोलीचे तापमान ४५ अंश असताना आणि बॅटरी दोन वर्षे वापरलेली असताना, बाहेरची वीज नसली तरी उपकरण सलग ४ तास चालले पाहिजे आणि बंद होण्यापूर्वी किमान ३० मिनिटे इशारा दिला पाहिजे.' यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वाक्याचा साचा खरा आहे. त्यात 'दोन वर्षे वापरलेली' हे शब्द घालणारा उमेदवार मला नव्या बॅटरीचा हिशेब देणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

गरज पूर्ण समजली की उत्तर किती साधे असू शकते, याचा नमुना विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असणे हे धोक्याचे लक्षण मानतात, पण गावातल्या ज्या दाईला मोठ्या संख्या मोजता येत नाहीत, तिने ते कसे ओळखावे? या साधनात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची रांग असते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला उपचाराची गरज आहे. वयोगटानुसार मण्यांच्या रांगा वेगळ्या. बॅटरी नाही, पडदा नाही, भाषेचा अडसर नाही. विद्यार्थ्याने असे एक साधन स्वतः बनवून पाहावे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तशीच का आहे, याचे एक पान लिहावे.

ऊन, धूळ आणि अर्थिंग

आपल्या भागातली परिस्थिती अभियंत्याच्या भाषेत मांडता आली की तिचे ज्ञानात रूपांतर होते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी, असे तिचे निर्माते सांगतात. खोलीतच ४५ अंश असतील, तर बंद कवचाच्या आत आणि चार्जरच्या शेजारी बसलेल्या सेलचे तापमान त्याहून वर जाणार. त्यामुळे चार्जिंगचा प्रवाह तापमानानुसार कमी करणे, चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवणे किंवा बॅटरीचा प्रकार बदलणे, असा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. शिसे आणि आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तर २५ अंशांच्या वर दर आठ ते दहा अंशांना जवळपास निम्मे होते. यंत्र थंड राहावे म्हणून पंखा बसवला, तर कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची जाळी तंतूंनी आणि धुळीने भरते. मग पंखा असून नसल्यासारखा होतो. कूलर चालू झाला की हवेतला ओलावा वाढतो, सर्किट बोर्डावर धुळीसोबत तो बसतो आणि उच्च रोधाच्या जागी विद्युतप्रवाहाची गळती सुरू होते. बोर्डावर संरक्षक लेप देणे आणि पंख्याविना उष्णता बाहेर टाकणारे कवच करणे महाग वाटते, पण पंखा बदलायला नागपूरहून माणूस पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

अर्थिंगचा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकात तो कोरडा वाटतो आणि आपल्याकडे तो जीवावर बेतू शकतो. ज्या उपकरणाचे धातूचे कवच अर्थला जोडलेले असते, त्याची सुरक्षितता अर्थिंगच्या खड्ड्यावर अवलंबून असते. यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यातली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यातला इलेक्ट्रोड मातीपासून सुटतो, कोरड्या मातीचा रोध वाढतो, आणि पावसाळ्यात तपासलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. रुग्णाच्या अंगाला लागणाऱ्या भागातून किती विद्युतप्रवाह गेला तर चालेल, याच्या मर्यादा वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठीच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेल्या आहेत. शरीराला लागणाऱ्या, पण हृदयाशी थेट संबंध न येणाऱ्या बीएफ प्रकारच्या भागासाठी साधारण स्थितीत १०० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष उद्भवल्यावर ५००, तर हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ प्रकारासाठी अनुक्रमे १० आणि ५० मायक्रोअँपिअर. अर्थ तुटणे हा त्या मानकानुसार 'एक दोष' आहे. आपल्या गावात मात्र तोच रोजचा प्रकार असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. म्हणून दुहेरी विद्युतरोधन असलेले, म्हणजे अर्थवर अवलंबून नसलेले उपकरण करता येते का, हा प्रश्न इथल्या अभियंत्याने सर्वांत आधी विचारावा. आरोग्य केंद्रात व्होल्टेज किंवा अर्थिंग मोजायचे असेल तर ते परवानाधारक वीजतंत्रीकडूनच मोजून घ्यावे. विद्यार्थ्याने मल्टिमीटर घेऊन बोर्ड उघडू नये.

वीज जाण्याविषयी एक प्रसंग. ऑक्टोबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या परिसरात वीजपुरवठा मोठ्या प्रमाणावर खंडित झाला, आणि तोवर भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या पेसमेकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या यंत्राच्या, मर्यादा उघड झाल्या. शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांच्या सांगण्यावरून विद्युत अभियंते अर्ल बॅकन यांनी काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर तयार केला. भारनियमनाची तक्रार आपण रोज करतो. तिच्याकडे आराखड्याची अट म्हणून पाहणारी माणसे थोडी.

धोक्याचा विचार आधी

यंत्र चालते कसे, हे सांगणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. ते कोणकोणत्या प्रकारे माणसाला इजा करू शकेल, हे सांगणारे थोडे. या विचाराची शिस्त आयएसओ १४९७१ या मानकात आहे. एक उदाहरण घेऊ. नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये बाळाच्या त्वचेला एक तापमान-सेन्सर चिकटवलेला असतो, आणि त्याच्या आकड्यावरून हीटर कमी-जास्त होतो. घामाने पट्टी सुटली, सेन्सर गादीवर पडला, तर त्याला कमी तापमान दिसू लागते, हीटर वाढतच जातो आणि बाळ भाजण्याची वेळ येते. सर्किट बरोबर आहे, सॉफ्टवेअर सांगितले तसेच वागते आहे, तरीही इजा होते.

अशा वेळी नवखा अभियंता कवचावर 'सेन्सर नीट चिकटवा' असे लेबल लावतो. मानक सांगते की उपायांचा क्रम याच्या उलट असावा: आधी आराखडाच असा बदलावा की धोका उद्भवू नये किंवा कमी व्हावा, ते जमत नसेल तर गजर किंवा आपोआप थांबण्याची सोय द्यावी, आणि सूचना किंवा लेबल हा सर्वांत शेवटचा उपाय. वॉर्मरच्या बाबतीत हीटरच्या कमाल शक्तीला मर्यादा घालता येते, हीटर चालू असूनही सेन्सरचा आकडा अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल तर गजर देता येतो, आणि ठरावीक वेळ कुणी लक्ष दिले नाही तर ऊब आपोआप कमी करता येते. आपल्या आवडीच्या कोणत्याही एका उपकरणाचा असा तक्ता करावा: काय बिघडेल, त्यातून रुग्णाला काय होईल, किती गंभीर, किती वेळा होऊ शकेल, उपाय कोणता, आणि तो उपाय लागू पडला हे कोणत्या चाचणीने कळले. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेच्या आधी हा तक्ता पुढे करावा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकीकत मुळातून वाचावी. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला. आधीच्या यंत्रात असलेले यांत्रिक अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली होती, आणि चालकाने भराभर कळा दाबल्या की त्यातला दोष जागा होत असे. वैद्यकीय सॉफ्टवेअर कसे आखावे आणि तपासावे, यासाठी आज आयईसी ६२३०४ हे मानक आहे.

चाचणी कोणावर घेतली, हाही धोक्याचाच भाग आहे. पल्स ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त, सामान्यतः ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश बोटातून पाठवून ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये धोकादायक कमतरता या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट आढळले. मेळघाट किंवा भामरागडच्या रुग्णांसाठी उपकरण करायचे असेल तर तपासणीतही तिथल्यासारखी त्वचा असलेली माणसे हवीत.

मानके आणि परवाने

देशात वैद्यकीय उपकरणे नियम २०१७ लागू आहेत. त्यांत धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग केले आहेत: रक्तदाब मोजण्याचे यंत्र ब वर्गात, व्हेंटिलेटर क वर्गात आणि हृदयाची झडप ड वर्गात येते. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचे परवाने राज्य पातळीवर, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनामार्फत, तर पुढच्या दोन वर्गांचे केंद्रीय पातळीवर दिले जातात. अ आणि ब वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि ड वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून हा परवाना बंधनकारक झाला. विक्रीसाठी नव्हे तर केवळ चाचणीसाठी नमुने तयार करायचे असले तरी एमडी-१२ या नमुन्यात अर्ज करून एमडी-१३ हा परवाना घ्यावा लागतो. आणि माणसांवर काहीही करून पाहण्यापूर्वी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवी. 'मित्राच्याच हाताला लावून पाहिले' हे वाक्य प्रकल्पाच्या अहवालात कधीही येऊ नये.

गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५ आणि शरीराला लागणाऱ्या पदार्थांसाठी आयएसओ १०९९३ ही नावेही ओळखीची हवीत. मानके विकत घेणे विद्यार्थ्याला परवडत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, किंवा भारतीय मानक ब्युरोने स्वीकारलेल्या आवृत्त्यांमधून ती वाचावीत. पाठ करण्याची गरज नाही. कोणता प्रश्न कुठे सुटतो, एवढे माहीत असले की पुरे.

पहिला नमुना

पदवीचा अंतिम प्रकल्प बाजारातून विकत आणू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. नागपूरच्या काही दुकानांत तयार प्रकल्प मिळतात आणि परीक्षा पार पडते, परंतु मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. त्यापेक्षा लहान विषय घ्यावा: लसी साठवण्याच्या आयएलआर (बर्फाचे अस्तर असलेल्या) फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेले तर बोलणारा इशारा, पिवळ्या झालेल्या बाळांसाठीच्या निळ्या दिव्याचा प्रकाश पुरेसा आहे की नाही हे दाखवणारा स्वस्त मापक, किंवा सलाइन संपत आल्याची सूचना. या तिन्हींत रुग्णाच्या शरीराला काही जोडावे लागत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातून इजा होण्याची शक्यता कमी राहते.

आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेले 'बेटिक' केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणे घडवते. त्याच्या जाळ्यात नागपूरचे व्हीएनआयटीही आहे. त्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी मांडलेल्या अडचणींवर काही दिवसांत नमुना करून दाखवायचा असतो. कल्पना पुढे नेण्याइतकी पक्की झाली, तर जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र शासनाच्या बायरॅक संस्थेची 'बिग' ही योजना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. मात्र पदवी संपताच स्वतःची कंपनी काढण्याचा सल्ला मी देणार नाही. परवाना, चाचणी प्रयोगशाळेचे शुल्क आणि सरकारी खरेदीचे जेम पोर्टल यांतून वाट काढताना अनुदान संपते, आणि शिकायला वरिष्ठ कुणी नसतो. आधी दुसऱ्याच्या कंपनीत एक तरी उपकरण कल्पनेपासून परवान्यापर्यंत गेलेले पाहावे.

नोकरी

आराखड्याच्या नोकऱ्या मुख्यतः बंगळुरू, चेन्नई, पुणे, हैदराबाद आणि विशाखापट्टणमच्या मेडटेक झोनमध्ये आहेत. नागपुरात त्या कमी आहेत, हे आधीच मान्य करून निघावे. कंपनी निवडताना पगारासोबत एक गोष्ट विचारावी: नव्या अभियंत्याला चाचणी विभागात बसवतात का? बसवत असतील तर आनंदाने जावे. दुसऱ्याच्या आराखड्यातल्या चुका शोधताना जे कळते, ते स्वतःचा आराखडा काढताना कळत नाही.

सोबत नेण्याच्या फाइलमध्ये आरोग्य केंद्रातली निरीक्षणे, अपेक्षांची यादी, धोक्यांचा तक्ता, नमुन्याची छायाचित्रे आणि न जमलेल्या चाचण्यांच्या नोंदी तारखेसह असाव्यात. इंग्रजीची भीती बाळगण्यापेक्षा ही कागदपत्रे साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहिण्याचा सराव करावा, कारण या व्यवसायात बोलण्यापेक्षा लिहिण्याला अधिक किंमत आहे. मराठी, आणि मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी, येत असेल तर ते बायोडेटात ठळक लिहावे. वापरणाऱ्यांसोबत यंत्राची चाचणी घ्यायची असते तेव्हा कंपन्यांना अशी माणसे शोधूनही मिळत नाहीत.

नोकरीत रुळल्यावर पहिल्या आराखड्याच्या बैठकीत दोन प्रश्न आवर्जून मांडावेत. हे यंत्र मेळघाटातल्या धारणीत किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीत बंद पडले तर कोणता भाग सिस्टर स्वतः, हत्याराविना, बदलू शकतील? आणि तो भाग कुरिअरने किती दिवसांत पोहोचेल? उत्तर मिळेपर्यंत त्या भागाची जागा, खटका आणि रंग ठरवू नये.